पांढऱ्या गाडीवर डांबराचे ठिपके पडलेत, थिनर लावू का?

सिंहगड रस्त्यावर नवं डांबर टाकलेल्या पट्ट्यातून गाडी गेली, दारांच्या खालच्या बाजूला आणि मागच्या बंपरवर काळे ठिपके बसले, शाम्पूने ते हलत नाहीत आणि सोसायटीतले काका थिनर लावायला सांगतात. लावू का, असं तुम्ही विचारलंय. थिनर लावू नका. कारखान्यातल्या भट्टीत पक्का झालेला मूळ रंग थोडा वेळ ते सोसेलही. पण एखादं दार किंवा बंपर नंतर गॅरेजमध्ये रंगवून घेतलेला असेल, तर तिथला रंग मऊ पडतो आणि चमक कायमची जाते. शिवाय मागच्या दिव्यांची काच म्हणजे खरं तर प्लास्टिक असतं. त्यावर थिनर ओघळलं की ती पांढुरकी होते, मग ती पुसून निघत नाही. पेट्रोलही नको. ते आपलं काम करायच्या आधीच उडून जातं आणि त्याच्या वाफा सहज पेट घेतात.

डांबर म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल वगैरे काढून झाल्यावर तळाशी उरणारा गाळ. म्हणून पाणी आणि साबण त्याला काही करू शकत नाहीत. ते विरघळतं त्याच्याच जातीच्या तेलात. रॉकेल चालतं, पण आता ते सहज मिळत नाही. रंगाच्या दुकानात मिळणारं साधं मिनरल टर्पेंटाइन घ्या. डांबर काढायचे तयार स्प्रेही नाना पेठेत किंवा ऑनलाइन मिळतात. वापरायला ते सोयीचे असतात, काम त्याच तत्त्वावर करतात. घरात दुसरं काहीच नसेल तर खोबरेल तेलानेही ताजे ठिपके सुटतात. वेळ फार लागतो, पण रंगाला त्याचा काही धोका नाही.

काम संध्याकाळी, सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना करा. आधी गाडी नीट धुऊन घ्या, कारण धुळीवर कापड फिरवणं म्हणजे रंगावर ओरखडे काढणं. मग दाराच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी टर्पेंटाइनचा थेंब लावून पुसून बघा. कापडावर गाडीचा रंग उतरला नाही तरच पुढे जा.

आता मऊ मायक्रोफायबर कापडाचा कोपरा टर्पेंटाइनमध्ये भिजवून ठिपक्यावर नुसता टेकवून धरा. मिनिटभराने उचललंत की कडेने तपकिरी ओघळ सुटलेला दिसेल आणि मधे काळा दाणा तसाच असेल. नेमक्या याच क्षणी नखाने तो उडवावासा वाटतो. तेवढं करू नका. तो दाणा बऱ्याचदा नुसतं डांबर नसतो, त्यात खडीची बारीक कच अडकलेली असते. घासलंत तर तीच कच रंगावर फिरते आणि ठिपक्याच्या जागी गोल गोल चरे उमटतात. पांढऱ्या गाडीवर ते लगेच दिसत नाहीत, उन्हात तिरपं बघितलं की दिसतात. कापड पुन्हा भिजवा, पुन्हा टेकवा, दाणा सैल झाला की कापडात उचलून घ्या. दर वेळी कापडाची स्वच्छ बाजू वापरा. जुन्या ठिपक्याला चार-पाच वेळा असं करावं लागतं, पण रंग शाबूत राहतो.

दारांच्या रबरी बीडिंगवर, टायरवर आणि विशेषतः ब्रेकच्या डिस्कवर टर्पेंटाइन जाऊ देऊ नका. हातमोजे घाला, बेसमेंटच्या पार्किंगऐवजी मोकळ्या हवेत काम करा. वापरलेली कापडं डिकीत कोंबू नका, बाहेर पसरून वाळू द्या.

ठिपके गेले की तो भाग कार शाम्पूने लगेच धुवा, नाहीतर तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. मग हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवा. बोटांना जाणवत नाही तो खरखरीतपणा पिशवीतून जाणवतो. खरखर लागली तर क्ले बार (रंगाला चिकटलेले बारीक कण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी) वापरा, पत्रा ओला राहील असा भरपूर फवारा मारून, हलक्या हाताने. वॉशिंग सेंटरवाले इथे 'रबिंग करून देतो' म्हणतील. रबिंगमध्ये वरचा पारदर्शक थर घासून कमी होतो. तो थर असतो साधारण 40 ते 50 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि तोच खालच्या रंगाला उन्हापासून वाचवतो. डांबराच्या ठिपक्यांसाठी तो झिजवणं मला अजिबात पटत नाही.

टर्पेंटाइनने तिथलं वॅक्सही निघून गेलेलं असतं, म्हणून त्या जागी नवं वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखंच काम करणारं रसायन) लावायलाच हवं. बहुतेक जण ही पायरी गाळतात. वॅक्समुळे डांबर चिकटायचं थांबत नाही, पण पुढच्या वेळी लवकर सुटतं. सिरॅमिक कोटिंगचंही, म्हणजे रंगावर चढवायच्या कडक पारदर्शक थराचंही तेच, त्यामुळे फक्त डांबरासाठी त्यावर हजारो रुपये घालू नका. पैसे खर्चायचेच असतील तर आधी चारही चाकांना चांगले मडफ्लॅप बसवा. त्यानंतरही वाटलं तर दारांच्या खालच्या पट्टीपुरती पारदर्शक फिल्म लावून घ्या.

पुण्यात पावसाळ्याच्या तोंडावर, पालख्या यायच्या आधी, जागोजागी डांबरीकरण चालू असतं. नव्या रस्त्यावर वेग कमी ठेवा आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखा. खडी टाकण्याआधी रस्त्यावर तपकिरी, पातळ फवारा मारतात, तो पट्टा मात्र शक्यतो टाळाच. ते इमल्शन असतं, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर. तपकिरी आहे तोवर ते ओलं असतं आणि चाकांनी उडून थेट दारांवर येतं. काळं पडलं की घट्ट धरतं. चुकून गाडीवर उडालंच तर घरी पोचायची वाट बघू नका. वाटेत दिसेल त्या वॉशिंग सेंटरवर थांबून खालचा भाग प्रेशरच्या पाण्याने धुऊन घ्या. ओलं असेपर्यंत ते पाण्यानेच निघतं, टर्पेंटाइनची गरजच पडत नाही.