पत्र्याच्या छपरावरून विजेची तार जाते. घरातला मेन स्विच बंद करून गळती दुरुस्त केली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की रामबागेतल्या जुन्या घराचे पत्रे दोन जागी गळतात, डोक्यावरून खांबाची तार गेली आहे, आणि पावसाच्या आत मेन स्विच पाडून तुम्ही आणि मुलगा मिळून वर चढणार आहात. कृपा करून असं चढू नका. इंदुरात गेली 18 वर्षं माझं पत्रे आणि शेड बसवायचंच काम आहे, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

मेन स्विच मीटरनंतर येतो. तो पाडला की तुमचे पंखे-दिवे बंद होतात, बस्स. खांबावरून मीटरपर्यंत आलेली सर्व्हिस लाइन चालूच राहते, आणि गल्लीतल्या लाइनचा तर तुमच्या स्विचशी काही संबंधच नाही. घरात आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) असला तरी तो त्याच्या पुढच्या वायरिंगपुरता. छपरावरची तार त्याच्या पहाऱ्यात येत नाही.

आधी खाली उभं राहून तार नीट बघा. उघड्या करड्या चार-पाच तारा असतील तर बहुधा एलटी (कमी दाबाची) लाइन, म्हणजे 230 आणि 400 व्होल्ट. मोठ्या इन्सुलेटरांवर तीनच तारा दिसल्या तर 11 केव्ही, म्हणजे 11 हजार व्होल्टची लाइन असू शकते. ओळखता आलं नाही तर 11 केव्हीच समजा. तिला हात लागायची गरज नसते, पुरेसं जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. काळी पिळाची केबल असेल तरी 'कोटिंग आहे' म्हणून धरू नका; आपल्याकडच्या उन्हात कोटिंग तडकतं आणि खालून ते दिसत नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत इमारतीच्या सर्वांत उंच भागापासून एलटी तार वर 2.5 मीटर आणि बाजूला 1.2 मीटर असावी असं आहे. 11 केव्हीला वर 3.7 मीटर. पण हे अंतर छपरापासूनचं, छपरावर उभ्या माणसापासूनचं नाही. पत्र्यावर उभं राहून हात वर केला की तो सात फुटांपर्यंत जातो, म्हणजे सुमारे 2.1 मीटर. उरतं जेमतेम सव्वा फूट. हातात 10 फुटी पत्रा उभा असेल तर तेवढंही उरत नाही. आणि जुन्या वस्तीत नियमाइतकं अंतर मुळात असतंच असं नाही.

धंद्यात नवीन असताना मल्हारगंजात एका माडीवर मी आणि धाकटा भाऊ काम करत होतो. मी गल्लीतून पत्रा उभा करून वर दिला, त्यानं वरून धरला, आणि तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. पत्र्यात शिडासारखी हवा भरली आणि वरचा कोपरा तारेकडे झुकला. भावानं हात सोडले म्हणून वाचला. पत्रा खाली येऊन मधोमध दुमडला. कोपरा आणि तार यांत वीतभर जागा होती, अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हापासून आमच्याकडे पत्रा कधी उभा चढत नाही. तारेच्या उलट बाजूनं, आडवा, दोरी बांधून, दोन माणसांच्या हातून जातो. वारा असला तर काम बंद.

आता करायचं काय ते सांगतो. विजेच्या बिलावरचा आयव्हीआरएस नंबर (तुमचा ग्राहक क्रमांक) घ्या आणि वीज कंपनीच्या तुमच्या झोन ऑफिसात लेखी अर्ज द्या: अमुक तारखेला, अमुक तास, छपराच्या कामासाठी लाइन बंद हवी. छप्पर फूटभर उंच करायचं मनात असेल तर तेही लिहा. बांधकामात असा बदल करण्याआधी कळवावंच लागतं आणि लाइन हलवावी लागली तर खर्च आपल्यावर येतो. ठरल्या दिवशी लाइनमन डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरच्या खांबावरून) सप्लाय काढेल, तार तपासेल, शॉर्ट करून अर्थ करेल, म्हणजे तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडेल. हे तुमच्यासमोर होऊ द्या. अर्थ करणं यासाठी की शेजारी कुणाचं जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचं जोडलेलं असेल तर बंद लाइनीतही उलटा करंट येतो. फोनवर 'बंद केली' एवढं ऐकून पाय वर ठेवू नका. पावसाआधी मेंटेनन्ससाठी लाइन बंद राहणार अशा बातम्या पेपरात येतात, त्यांच्या भरवशावरही नको. काम लवकर आटोपलं की सप्लाय तेव्हाच परत येतो.

सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला टेकली आहे का, ते खालून बघा. एका घरी काकूंना ओले कपडे वाळत घालताना तारेला झिणझिण्या यायच्या. कपड्यांची ती तार छपराच्या लोखंडी अँगलला बांधलेली होती. लाइनमननं लाइन बंद करून पाहिलं तर पत्र्याच्या धारेनं सर्व्हिस वायरचं कोटिंग वर्षानुवर्षं घासून नखाएवढं ॲल्युमिनियम चमकत होतं. अख्खं छप्पर करंटमध्ये. तुमच्याकडे भिंतीला, पन्हळीला, कपड्यांच्या तारेला कुठेही असं जाणवलं असेल तर छपराला हातच लावू नका, लगेच 1912 ला, वीज कंपनीच्या तक्रार नंबरवर, फोन करा.

ॲल्युमिनियमची शिडी नको. बांबूची चालेल, पण कोरडी. ओल्या बांबूतून करंट जातो. पत्रे सिमेंटचे असतील तर जे-हुकांच्या (पत्रे खालच्या आधाराला धरून ठेवणाऱ्या हुकांच्या) रेषेवर फळी टाकूनच चाला, मधे पाय पडला तर सरळ खाली.

आणि कुणाला धक्का बसलाच तर त्याला हातानं ओढू नका. 1912 आणि 108 ला फोन. 11 केव्ही असेल तर लाइन बंद होईपर्यंत काठी घेऊनही जवळ जायचं नाही. हे मुलाला आधीच सांगून ठेवा, कारण त्या क्षणी तो धावणारच.

लाइन बंद असेल त्याच दिवशी सर्व्हिस वायर पाइप आणि इन्सुलेटर लावून पत्र्यापासून उंच करून घ्या, लाइनमनकडूनच. तोवर पाऊस आला तर आतून वाशांना ताडपत्री बांधून उतार बादलीकडे द्या. गिऱ्हाइकाची तारीख लांबली की आम्हीही हेच करून देतो.