बागेतलं विचारा : फूल आलं, फळ कुठाय?

यावेळी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप धरून इतके प्रश्न आलेत की सगळे घ्यायचे तर वेगळा अंकच काढावा लागेल, म्हणून निवडक घेतलेत. जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी "कोणतं खत घालू?" आहेच. माझं उत्तर वाचून काहीजण नाराज होणार आहेत, पण असो.

ताई, टेरेसवर दुधीचा वेल मस्त पसरलाय, ढीगभर फुलं येतात, छोटे दुधी पण दिसतात पण बोटाएवढे झाले की पिवळे पडून गळतात. व्हिडिओ बघून रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी नऊ वाजता ब्रशने हँड पॉलिनेशन करतेय तरी तेच. शेणखत, गांडूळखत, आंबट ताक सगळं घालून झालं. आता काय घालू? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

काही घालू नका, संध्याकाळी जा.

दुधीचं फूल ऊन उतरल्यावर उमलतं, रात्रभर उघडं असतं आणि सकाळी ऊन चढलं की मान टाकतं. रंग पांढरा आहे तो रात्री फिरणाऱ्या पतंगांसाठी. तुम्ही नऊला ब्रश घेऊन जाताय तेव्हा दुकानाचं शटर पडलेलं असतं. गावाकडे पतंग हे काम करून टाकतात, पण उंच बिल्डिंगच्या गच्चीवर ते फारसे फिरकत नाहीत, म्हणून आपल्याला करावं लागतं.

साडेसहा-सातला वर जा. बारीक लांब देठाचं, मागे काहीच नसलेलं ते नर फूल, आणि ज्याच्या मागे लव असलेला इवलासा दुधी आहे ते मादी. ताजं उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या आत हलक्या हाताने सगळीकडून टेकवायचा, ब्रशबिश लागत नाही. फळ धरलं तर तीन-चार दिवसांत फरक दिसतो, देठ जाड होतो आणि दुधी चकाकायला लागतो. वेल नवीन असताना सुरुवातीला नुसती नर फुलं येतात त्याला घाबरू नका, आणि मादी फुलं कमीच वाटत असतील तर मुख्य शेंडा खुडा, बाजूच्या फांद्यांवर ती जास्त येतात.

आता बाकीच्या वेलांचं पण सांगून टाकते कारण पुढच्या महिन्यात तेच प्रश्न येणार आहेत. लाल भोपळा, काकडी, कारलं यांचं काम सकाळी लवकर. दोडका संध्याकाळचा आणि त्याचं सख्खं भावंड घोसाळं मात्र सकाळचं, हे का असं विचारू नका, घराघरात असतं. माझी आजी मांडवावर दोडक्याची पिवळी फुलं उघडली की देवापाशी दिवा लावायला उठायची.

दुधी काढताना नख लावून बघा, सहज रुतलं पाहिजे आणि सालीवर लव असली पाहिजे. आणि एक, चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघायची सवय ठेवा. कडू लागला तर सरळ फेकून द्या, भाजी पण नको आणि ज्यूस तर अजिबातच नको, कडू दुधीच्या रसाने माणसं हॉस्पिटलात पोचलेली आहेत.

जूनमध्ये पावट्याचा वेल लावला, आता ऑक्टोबर उजाडला, वेल कंपाउंडवरून शेजारच्यांच्या पार्किंगमध्ये गेला पण एक फूल नाही. नर्सरीवाल्याने फुलं येण्याचं टॉनिक दिलंय, फवारू का? (एक वाचक, नाशिक)

अगदी हाच प्रश्न न्यू जर्सीहून पण आलाय, तिकडे त्यांनी मेमध्ये लावला आणि त्यांची काळजी वेगळी आहे, फुलं यायच्या आधीच थंडी येते. दोघांना एकत्रच सांगते.

पावटा, वाल, घेवडा यांच्या जुन्या गावठी जाती दिवस किती मोठा आहे ते मोजतात, म्हणजे खरं तर रात्र मोजतात. रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय कळी धरायची नाही असा त्यांचा नियम आहे. त्यामुळे जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, आपल्याकडे फुलं पावसाळा सरल्यावरच, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास येणार. जूनमध्ये लावून तुम्ही फक्त चार महिने पानं वाढवलीत. टॉनिकचे पैसे परत मिळाले तर बघा. नत्राचं खत, शेणपाणी वगैरे पण सध्या बंद करा, नाहीतर वेल अजून माजेल.

नाशिकच्या वाचकांनी पत्रासोबत फोटो पाठवलाय त्यात मला अजून एक गोष्ट दिसली, वेलाच्या बरोबर डोक्यावर सोसायटीचा मोठा लाईट आहे! तो रात्रभर चालू असेल तर वेलाला रात्र झालीच असं वाटत नाही. तेवढ्या भागाची फुलं मागे पडतात. लाईटचं तोंड फिरवता आलं तर बघा, सेक्रेटरींशी गोड बोलून. शेवंतीचं पण असंच असतं, हे जाता जाता.

पुढच्या वर्षी गच्चीत लावायचा असेल तर ऑगस्ट अखेर-सप्टेंबरात लावा, वेल आटोपशीर राहतो आणि शेंगा त्याच वेळी येतात. नाहीतर बुटक्या जाती घ्या, बंगळुरूच्या फलोद्यान संशोधन संस्थेच्या अर्का जय आणि अर्का विजय या दिवसाच्या लांबीची पर्वा न करणाऱ्या आहेत, झुडूप छोटं राहतं, मांडव नको. न्यू जर्सीवाल्यांनी तर अशीच जात शोधा, कारण तिकडे रात्र मोठी होऊन गावठी वेल फुलायला लागेपर्यंत दव गोठायचे दिवस येतात. बी मात्र तिकडेच विकत घ्या, बॅगेत पुडी टाकून न्यायचे नियम कडक आहेत. आईने दिलेली पुडी असली तरी.

गणपतीला आठ दिवस गावी गेलो, आलो तर भेंड्या हातभर झालेल्या, लाकडासारख्या. आणि झाडाने फुलं देणंच बंद केलंय. (एक वाचक, डोंबिवली)

बरोबर आहे, झाडाच्या दृष्टीने बी तयार झालं, काम संपलं. सगळ्या जून भेंड्या आजच कापून टाका, एखादी बियाणाला ठेवायची तर एकाच झाडावर. थोडं शेणखत द्या (बघा, एकदा तरी हो म्हटलं) आणि नवीन फूट येते का बघा. भेंडी फुलल्यानंतर पाच-सहा दिवसांत तोडायची असते, म्हणजे एक दिवसाआड कात्री घेऊन फेरी. टोक मोडून बघा, कट्कन मोडलं तर भाजी, वाकलं तर उशीर झाला. गावी जाताना शेजाऱ्यांना सांगून जा, तोडा आणि खा.

कुंडीत बी लावून लिंबाचं झाड केलंय, तीन वर्षं झाली, फूल नाही. शिवाय पानांवर पक्ष्यांची शिट पडलेली असते आणि पानं कुरतडलेली दिसतात. (एक वाचक, सोलापूर)

ती शिट नीट बघा, चालते. लिंबावर येणाऱ्या फुलपाखराची अळी आहे ती, लहानपणी शिटेसारखं सोंग घेते म्हणजे पक्षी खात नाहीत, मोठी झाली की हिरवीगार होते. कढीपत्त्यावर पण हीच येते. चार-पाच असतात, हाताने उचला, फवारणी कशाला. मी एक-दोन मुद्दाम ठेवते, नातीला फुलपाखरू दाखवायला.

बियाच्या कागदी लिंबाला फळं यायला चार-पाच वर्षं, कुंडीत जास्त पण लागतात, तेव्हा थोडा धीर धरा. एरवी आपल्याकडे शेतकरी लिंबाचं पाणी तोडून बहार धरतात, म्हणजे पाणी काही दिवस बंद ठेवून मग एकदम फुलोरा आणतात, मृग, हस्त आणि आंबिया असे तीन. हस्त बहाराची लिंबं उन्हाळ्यात येतात, सरबताच्या दिवसांत, म्हणून भाव मिळतो. झाड वयात आलं की तुम्ही आंबिया करून बघा, डिसेंबरात पाणी कमी करत न्यायचं, पानं जरा मलूल दिसली की लगेच खत आणि भरपूर पाणी. शेतात हा ताण आठवडेच्या आठवडे देतात, कुंडीत तेवढा दिलात तर सरपण होईल. दोन-चार दिवस पुरतात.

गावच्या हापूसच्या झाडाचे आंबे मे महिन्यात काढून ठाण्याला आणले, निम्मे सुरकुतले पण गोड झालेच नाहीत, निम्मे देठापाशी काळे होऊन कुजले. (एक वाचक, मूळ गाव राजापूर)

हे पत्र जूनमध्येच आलं होतं, माझ्याकडून राहिलं. पुढच्या मोसमाला उपयोगी पडेल.

सुरकुतलेले म्हणजे कोवळे काढलेत. तयार फळाचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात, देठापाशी खळगा पडतो आणि गडद हिरवा रंग जरा निवळतो. शंका आली तर बादलीत पाणी घ्या, तयार कैरी बुडते, कोवळी तरंगते. तरंगल्या त्यांचं लोणचं घाला. पण म्हणून झाडावरच पिकू देऊ असंही करू नका, हापूसमध्ये साका (गरात पांढरट, आंबट, भुसभुशीत भाग) धरायचं प्रमाण त्याने वाढतं.

कुजलेले बहुतेक काठीने पाडले असणार. आंबा देठापासून तुटला की चीक सालीवर ओघळून डाग पडतात आणि त्याच जागेतून बुरशी आत जाते. झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) वापरा, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला चांगला आहे, त्याला पातं असतं त्यामुळे दोनेक इंच देठासकट कापून आंबा जाळीत पडतो. सकाळी ऊन व्हायच्या आत काढायचे, सावलीत ठेवायचे, मग भाताच्या पेंढ्यात आढी, म्हणजे थर लावून पिकत ठेवायचे. रोज आढी उचकून बघायची नाही आणि गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवायचे नाहीत, ठाण्याला जाताना तेच झालं असणार असा माझा संशय आहे.

हळदीची पानं पातोळ्यांसाठी तोडली तर खाली हळद कमी येते का? आणि काढायची कधी? (एक वाचक, वेंगुर्ला)

सगळी तोडलीत तर येणारच, हळद पानंच भरतात. एका झाडाची खालची एक-दोन घ्या, दहा झाडांत नागपंचमी आणि गौरी दोन्ही होतात. पानं आपसूक पिवळी होऊन वाळली की खणा, मे-जूनला लावली असेल तर साधारण जानेवारी-फेब्रुवारी. मधले जाड गड्डे बाजूला काढून कोरड्या जागी सावलीत ठेवा, ते पुढच्या मेला लावायला. बाजूच्या हळकुंडांतली थोडी ओलीच ठेवा, लिंबू आणि आल्याबरोबर लोणचं फार छान होतं, फक्त हात चार दिवस पिवळे राहतात.