सगळे इलेक्ट्रॉन आयर्नच्या खात्यावर टाकू नकोस

पिरिडीन-डायइमीन या लिगँडचं (धातूला बांधलेल्या रेणूचं) आयर्न कॉम्प्लेक्स हाती आलं की कागदावर आयर्नची ऑक्सिडेशन स्टेट (त्याने किती इलेक्ट्रॉन गमावले तो आकडा) काढून मोकळा होऊ नकोस. हा लिगँड स्वतःच एक-दोन इलेक्ट्रॉन पोटात घालतो. समजा, चुंबकीय मोजमापात 3.9 बोर मॅग्नेटॉन (चुंबकत्वाचं एकक) आले, म्हणजे तीन अयुग्मित, जोडी नसलेले इलेक्ट्रॉन. नवखा माणूस लगेच ‘हाय-स्पिन आयर्न एक’ लिहितो, म्हणजे +1 अवस्थेतलं, जास्तीत जास्त अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेलं आयर्न. पण हाय-स्पिन आयर्न दोनच्या (+2) चार अयुग्मित इलेक्ट्रॉनांपैकी एकाला लिगँडवरच्या रॅडिकलने (तिथल्या एकट्या इलेक्ट्रॉनने) उलट्या स्पिनने बांधलं, तरी तीनच उरतात! मीही यात फसलो आहे.

म्हणून क्रिस्टल स्ट्रक्चर उघड. इमीनचा कार्बन-नायट्रोजन बंध उदासीन लिगँडमध्ये साधारण 1.28 अँगस्ट्रॉम असतो. एक इलेक्ट्रॉन शिरला की 1.32 च्या आसपास जातो, आणि शेजारचा कार्बन-कार्बन बंध 1.49 वरून 1.44 कडे आखडतो. दोन्ही बदल एकत्र दिसायला हवेत. त्रुटीच 0.01 असेल तर 0.02 च्या फरकावर पेपर लिहायला बसू नये. बॅकबाँडिंगही (धातूने लिगँडकडे थोडी इलेक्ट्रॉन-घनता सरकवणं) बंध असेच हलवतं, तेव्हा मॉसबॉअर घेच; गॅमा किरणांची ही चाचणी थेट आयर्नचीच अवस्था तपासते. डीएफटी, म्हणजे संगणकावरचं इलेक्ट्रॉन-रचनेचं गणित, त्यानंतर; आधी केलंस तर हवं तेच दिसेल.