टेक्सासच्या हड्स्पेथ काउंटीतली अटकेची नोंद कुठे मिळते आणि ती कशी वाचायची?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीसाठी डॅलसला नोकरी करणाऱ्या मुलाचं स्थळ आलंय, बोलणी बरीच पुढे गेली आहेत. कुणीतरी त्याचं नाव गूगलवर टाकलं, तर अटक झालेल्यांचे फोटो छापणाऱ्या एका साइटवर त्याच नावाचा तरुण दिसला. खाली हड्स्पेथ काउंटी, दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि ‘पॉस सीएस पीजी टू, चार ते चारशे ग्रॅम’ अशी ओळ. हे खरं का, सरकारी नोंद कुठे पाहायची, आणि मुलगा ड्रग्ज विकतो असं समजायचं का?

मी एल पासोत फौजदारी वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलाची सहायक, आहे. हड्स्पेथ ही आमच्या शेजारची काउंटी, आणि तिथल्या नोंदी मागवून वाचणं हे माझं रोजचं काम. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप त्यानेच उडाली असणार. नाही, त्या ओळीतून मुलगा ड्रग्ज विकतो असं निघत नाही.

आधी जागा समजून घ्या. हड्स्पेथ काउंटी आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठी आहे आणि वस्ती जेमतेम तीन हजारांच्या वर. सगळं वाळवंट. त्यातून आय-१० हा महामार्ग जातो आणि सिएरा ब्लँका गावाच्या थोडं अलीकडे पूर्वेला जाणाऱ्या गाड्यांसाठी बॉर्डर पेट्रोलचा, म्हणजे केंद्राच्या सीमा पोलिसांचा, तपासणी नाका आहे. मागच्या बाजूला कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिको. तिन्ही राज्यांत प्रौढांना गांजाचे पदार्थ दुकानात रीतसर मिळतात. टेक्सासमध्ये ते बेकायदा आहेत. सुट्टीवरून परतणारी पोरं गाडीत उरलेली पाकिटं घेऊन नाक्यावर येतात, कुत्रा वास घेतो, आणि थोडासा माल असेल तर केंद्र सरकार खटला न चालवता प्रकरण काउंटीच्या शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाकडे, सोपवतं. विली नेल्सन या नामांकित गायकालाही २०१० मध्ये इथेच अटक झाली होती.

आता ती ओळ. पहिले दोन शब्द म्हणजे नियंत्रित पदार्थ जवळ बाळगणं. ‘पीजी टू’ म्हणजे कायद्याच्या यादीतला दुसरा गट. टेक्सासमध्ये गांजाची पानं-फुलं वेगळ्या कलमात मोडतात, पण त्यातून काढलेला टीएचसीचा (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचा) अर्क, म्हणजे व्हेपची नळी, गमी, चॉकलेट, हे सगळं दुसऱ्या गटात जातं आणि तिथे एक ग्रॅमपेक्षा कमी असलं तरी तो गंभीर गुन्हा, ‘फेलनी’, ठरतो. शिवाय वजन नुसत्या टीएचसीचं धरत नाहीत, त्यात मिसळलेला पदार्थही मोजतात. गमीतली साखर आणि जिलेटिनसुद्धा. त्यामुळे खिशातलं एक पाकीट सहज चार ग्रॅमच्या वर जातं आणि कागदावर दोन ते वीस वर्षांच्या शिक्षेचं कलम लागतं. या रस्त्यावर अटक झालेल्या मुलांच्या आईवडिलांना मला हे समजावून सांगावं लागतं, आणि दर वेळी जीव तुटतो, कारण ‘चारशे ग्रॅम’ वाचून त्यांनी मनात भलतंच चित्र रंगवलेलं असतं. गमीच होत्या की दुसरं काही, हे मात्र त्या ओळीत नसतं. या गटात इतरही ड्रग्ज येतात. विकण्याचा आरोप असता तर ‘डिलिव्हरी’ किंवा तसा उद्देश असल्याचे शब्द दिसले असते.

ही ओळ लिहिली जाते ती अटकेच्या दिवशी, अटक करणाऱ्याच्या समजुतीनुसार. पुढे मॅजिस्ट्रेटसमोर ४८ तासांच्या आत उभं करतात, जामीन ठरतो. फेलनीचा खटला चालवायचा की नाही, हे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे सरकारी वकील, ठरवतात. हड्स्पेथसाठी ते एल पासोला बसतात आणि तीन काउंट्या सांभाळतात. प्रकरण ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे, जातं. बारांपैकी नऊ जणांनी होकार दिला तरच दोषारोप ठेवता येतो. या सगळ्याला वेळ लागतो. २०१९ मध्ये टेक्सासने हेम्प, म्हणजे अगदी कमी टीएचसी असलेला गांजाच्याच जातीचा प्रकार, कायदेशीर केल्यापासून माल बेकायदा आहे हे दाखवायला टीएचसीचं प्रमाण प्रयोगशाळेत मोजावं लागतं, आणि तिथे प्रकरणं तुंबतात. अशा गुन्ह्यात दोषारोपासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. दोन वर्षांनंतरही ‘काहीच दाखल नाही’ असं उत्तर आलं, तर प्रकरण संपलं असं धरू नका.

नोंदी मिळवायला दोन वेगळी दारं ठोठावावी लागतील. आपल्याकडच्या ई-कोर्ट्ससारखी अख्ख्या अमेरिकेची एक साइट इथे नाही. टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत, प्रत्येकीचा शेरीफ निवडून आलेला, आणि छोट्या काउंटीत बऱ्याच गोष्टी अजून फोन, ईमेल आणि कागदावर चालतात.

पहिलं दार शेरीफच्या ऑफिसचं. टेक्सासच्या सार्वजनिक माहिती कायद्यानुसार कोणीही, कुठल्याही देशातून, लेखी अर्ज करू शकतं. कारण विचारायचा त्यांना अधिकार नाही. तपासाचे कागद ते रोखून धरू शकतात, पण अटक झालेली व्यक्ती, अटक आणि गुन्हा यांची मूळ माहिती द्यावीच लागते. १९७५ मध्ये ह्यूस्टनच्या एका वर्तमानपत्राने लढलेल्या खटल्यापासून हे पक्कं आहे. अर्जात पूर्ण नाव, जन्मतारीख आणि अटकेची तारीख घाला आणि ‘अटकेची मूळ माहिती आणि बुकिंग शीट’ (अटकेनंतर भरतात तो नोंदीचा कागद) एवढंच मागा. ‘सगळं द्या’ म्हटलंत, तर ते ॲटर्नी जनरलचं मत मागवतील आणि महिने जातील. साध्या प्रतीला पानामागे दहा सेंट पडतात.

दुसरं दार क्लर्कचं, म्हणजे कोर्टाचे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, आणि खरं उत्तर तिथे आहे. मोठ्या काउंटीत फेलनीचे कागद डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे आणि छोट्या गुन्ह्यांचे काउंटी क्लर्ककडे असतात. हड्स्पेथसारख्या कमी वस्तीच्या काउंटीत दोन्ही काम एकच क्लर्क बघते. सिएरा ब्लँकाच्या कोर्टाची इमारत मातीच्या विटांची आहे, टेक्सासमध्ये वापरात असलेली तशी एकमेव. तिथे विचारायचं, या नावावर कुठला कॉज नंबर, म्हणजे खटल्याचा क्रमांक, आहे का. नंबर मिळाला की ‘डिस्पोझिशन’ची, म्हणजे निकालाची, प्रमाणित प्रत मागा. मात्र एक फाटा आहे: असं प्रकरण पुष्कळदा तडजोडीत उतरून ‘ड्रग पॅराफर्नेलिया’, म्हणजे ड्रग्ज घेण्याचं साहित्य बाळगणं, या सगळ्यात खालच्या, क्लास सी गुन्ह्यावर संपतं, दंड जास्तीत जास्त पाचशे डॉलर. ते कागद क्लर्ककडे नसून जस्टिस ऑफ द पीसच्या, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांच्या, कोर्टात असतात. तिथेही चौकशी करा.

नाव जुळलं म्हणून माणूस तोच, असं कृपा करून धरू नका. आपल्या नावांचं इथे फार हाल होतात. वडिलांचं नाव मधल्या रकान्यात जातं, कधी आडनावाच्या जागी बसतं. पासपोर्टवर एकच नाव असेल, तर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’, असं छापतात. पाटील, जोशी, कुलकर्णी तर डॅलसच्या एकेका कंपनीतच कितीतरी असतील. जन्मतारीख जुळली तरच पुढे जा.

निकालात काय लिहिलंय, ते नीट बघा. ‘डिसमिस्ड’ म्हणजे खटला काढून टाकला. ‘नो बिल’ म्हणजे ग्रँड ज्युरीने दोषारोप ठेवायला नकार दिला. ‘डिफर्ड ॲडज्युडिकेशन’ असेल तर थांबा. त्यात मुलगा गुन्हा कबूल करतो किंवा लढवत नाही, न्यायाधीश दोषी ठरवणं लांबणीवर टाकतात, आणि देखरेखीचा काळ नीट पार पडला की प्रकरण मिटतं. टेक्सासच्या दृष्टीने तो दोषी नाही. इमिग्रेशनच्या कायद्यात मात्र कबुली असो वा ‘लढवत नाही’ असं म्हटलेलं असो, ते सहसा दोषी ठरल्यासारखंच धरतात.

राज्याच्या डीपीएस या खात्याच्या साइटवर थोडे पैसे भरून नावावरून शोधता येतं, पण लोकांना तिथे शिक्षा झालेली आणि डिफर्डवाली प्रकरणंच दिसतात. आणि सगळीकडून ‘नोंद नाही’ असं आलं, तर त्यामागे बरीच कारणं असू शकतात: माणूस दुसराच, काही दाखल झालं नाही, किंवा कोर्टाच्या आदेशाने नोंद नष्ट वा बंद झाली. नोंद कोर्टाने पुसली असेल, तर त्या मुलाला तो कायद्याने मिळालेला हक्क आहे, आणि तो मोडायला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्या फोटोवाल्या साइट जुनं तसंच ठेवतात. टेक्सासने २०१३ मध्ये कायदा करून चुकीची माहिती दुरुस्त करायला पैसे मागण्यावर बंदी घातली, पण दुरुस्ती मागावी लागते, आणि कित्येक मुलांना हे ठाऊकच नसतं.

खरं सांगू का, हे सगळं करण्याआधी मुलालाच विचारा. पत्रिका, पगार, घर सगळं विचारतो, तसंच सरळ विचारा. व्हिसाच्या अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ हा प्रश्न असतोच. एच-१बीवर असेल आणि अटकेनंतर भारतात व्हिसाचा शिक्का घ्यायला गेला असेल, तर निकालाची प्रमाणित प्रत बहुधा त्याच्याकडे तयार असेल. ती दाखवायला सांगा, तिच्यावरचा कॉज नंबर क्लर्ककडून ताडून घ्या. फोन करायचा झाला तर हड्स्पेथची वेळ डॅलसपेक्षा एक तास मागे आहे. तिथे सकाळी नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात.

तो कागद हातात आल्यावर लग्न ठरवायच्या आधी अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलाला तासभराची फी देऊन दाखवा. तुमची मुलगी एच-४वर जाणार असेल तर तिचा व्हिसा पूर्णपणे त्याच्या व्हिसावर टांगलेला असेल, आणि ड्रग्जचं प्रकरण छोट्या दंडावर मिटलं तरी इमिग्रेशनमध्ये अडचण आणू शकतं. दोष कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या पदार्थासाठी लागला, याच्या शब्दांवर तिथे सगळं ठरतं.