चेकच्या पोटातला शहा

प्रश्न असा आला आहे: "बँकेचा चेक, 'जरा चेक कर'मधला चेक आणि चेक्सचा शर्ट हे तीन वेगळे शब्द की एकच? एकच असेल, तर बँकेच्या चेकच्या स्पेलिंगमध्ये क्यू कुठून आला? आणि 'चेक करून बघ' म्हणणं चूक आहे का?"

एकच. चेक प्रजासत्ताकातला चेक तेवढा निराळा. ते एका स्लाव्ह लोकसमूहाचं नाव आहे, देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात एवढाच संबंध. तपासणे, आवरणे, धनादेश हे अर्थ कुठल्याही कोशात मिळतील, ते इथे उगाळत नाही.

त्याआधी एक तक्रार. निवडणुकीचा हंगाम आला की बातम्यांतून 'अमक्यांनी तमक्यांना शह देऊन धूळ चारली' आणि 'एकाच खेळीत चेकमेट, आता पुढची खेळी कोणती?' असली वाक्यं ऐकू यायला लागतात. चेकमेटनंतर पुढची खेळी नसते हो, पट आवरून ठेवतात! आणि शह देऊन कुणी धूळ चारत नाही. शह ही ताकीद आहे. शह बसला की राजा हलवावा, मध्ये मोहरा घालावा किंवा शह देणारा मोहराच मारावा. राजा हलवून किंवा मोहरा घालून शह चुकवता चुकवता उलट समोरच्यालाच शह बसला, तर तो काटशह. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी पद्मदुर्ग बांधला असं इतिहासाच्या पुस्तकात असतं, ते अगदी नेमकं आहे. जंजिरा काही पडला नाही. तरी शह तो शहच.

आता मुद्दा. इंग्रजी चेक म्हणजे आपला शह. चेकला मराठीत शह म्हणतात एवढ्यापुरतं मी बोलत नाही. तो तोच शब्द आहे. इराणात बुद्धिबळ खेळताना समोरच्याच्या राजावर मोहरा रोखला की 'शाह!' असं ओरडून सांगायचा रिवाज होता. खेळ अरबांकडे गेला, त्यांच्याबरोबर भूमध्य समुद्राच्या काठाने युरोपात शिरला. शेवटचा 'ह' लॅटिन तोंडांना झेपेना, त्याचा 'क' झाला. लॅटिनात 'स्काक्कुस', जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्चेक', आणि इंग्रजांनी पुढचा 'एस्' गाळून 'चेक' केला. त्या एस्चेकचं अनेकवचन 'एस्चेस', त्यापासून इंग्रजी 'चेस'. म्हणजे खेळाचं इंग्रजी नाव हेच मुळी 'शह, शह' असं आहे. आपलं चतुरंग त्यात कुठेच नाही. ते इराणात 'चतरंग' आणि अरबांत 'शतरंज' होऊन स्पेन-पोर्तुगालात जिवंत राहिलं. पोर्तुगीजमध्ये बुद्धिबळाला 'शाद्रेश' म्हणतात आणि चौकडीच्या कापडालाही तोच शब्द. चेक्स म्हणजेही बुद्धिबळाच्या पटावरच्या चौकड्याच. त्यामुळे चेक्सचा शर्ट घातलेला इंग्रज इराणचा शहा अंगावर घेऊन फिरतो आणि पोर्तुगीज माणूस आपला चतुरंग.

पण हे अजून काहीच नाही. शाह कुठून आला ते बघा. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहूचा, म्हणजे आपल्या शाळेतल्या डरायसचा, लेख आहे, इसवी सनापूर्वी 520च्या सुमाराचा. त्याची सुरुवात होते: 'अदम् दारयवउश, ख्शायथिय वझ्रक, ख्शायथिय ख्शायथियानाम्'. मी दारयवहू, थोर राजा, राजांचा राजा. 'अदम्' म्हणजे 'अहम्' हे संस्कृत शिकलेल्या कुणालाही दिसेल. 'ख्शायथियानाम्' हे षष्ठीचं अनेकवचनसुद्धा ओळखीचं वाटेल. हा ख्शायथिय झिजत झिजत 'शाह' झाला आणि 'ख्शायथिय ख्शायथियानाम्'चं उलटून 'शहेनशाह' झालं. त्यातला धातू 'सत्ता चालवणे' या अर्थाचा, वेदातल्या 'क्षयति'चा सख्खा भाऊ. त्याच धातूवरून आपलं 'क्षत्र', त्यावरून 'क्षत्रिय'. त्याच क्षत्राचं जुनं फारसी रूप कालांतराने 'शह्र' झालं, म्हणजे राज्य, आणि आणखी पुढे नगर: आपलं शहर. क्षत्राचं रक्षण करणारा तो क्षत्रप. तो शब्द नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांतून आपल्या दारात येऊन बसला आहे. नहपान क्षत्रपाला हरवल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचीच नाणी पुन्हा ठोकून त्यांवर आपली मुद्रा उमटवली. शह आणि मात दोन्ही एकदम, हवं तर म्हणा.

तेव्हा क्षत्रिय, क्षत्रप, शहर, शहेनशाह, शह आणि चेक ही सगळी एका घरची मंडळी. बँकेत रांगेत उभे राहून तुम्ही खिडकीतून आत सरकवता त्या कागदाच्या नावात वेदकालीन धातू आहे. मला याचं अजून नवल वाटतं. (याच भरात कुणी शाहीरही शाहावरून काढतात. काढू नये. शाहीर अरबी 'शाइर'वरून, म्हणजे कवी. राजाशी त्याचा संबंध बिदागीपुरता.)

आता शहाचा कागद कसा झाला? खेळात शह बसला की समोरच्याचे सगळे बेत जागच्या जागी थांबतात. म्हणून चेक म्हणजे अडवणूक, मग आवर, लगाम. लबाडीला घातलेला लगाम म्हणजे पडताळणी. 'चेक कर' इथे आला. हे सरळ आहे. गंमत बँकेच्या चेकमध्ये आहे आणि तिथेच जाणकार म्हणवणारे घसरतात.

बाराव्या शतकात, पहिल्या हेन्रीच्या काळापासून, इंग्लंडच्या राजाचा वसूल एका मोठ्या मेजावर मोजला जाई. रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने 1177च्या सुमारास गुरुशिष्य संवादाच्या रूपात त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मेज सुमारे 10 फूट लांब, 5 फूट रुंद, कडेला चार बोटं उंचीची पट्टी, त्यावर काळं कापड आणि कापडावर रेघा. त्या घरांतून पेनी, शिलिंग, पौंड, वीस, शंभर, हजार अशा सोंगट्या मांडून हिशेब व्हायचा, कारण हिशेब द्यायला येणाऱ्या शेरीफांना, म्हणजे परगण्यांच्या वसुली अधिकाऱ्यांना, बहुधा अक्षरओळख नसे. हे मेज दिसायचं बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून त्याला लॅटिनात 'स्काक्कारियुम', फ्रेंचमध्ये 'एस्चेकिए'. शिष्य नावाचं कारण विचारतो तेव्हा गुरू दुसरंही एक कारण देतो: पटावर जशी दोन राजांची लढाई, तशी इथे खजिनदाराची आणि शेरीफाची. हिशेबतपासनिसासमोर बसलेल्या कुणालाही हे पटेल. पुढे कुणा पंडिताला वाटलं की सुरुवातीचं 'एस्' म्हणजे लॅटिन 'एक्स'च असणार, आणि त्याने उगाच एक्स घुसवला. झालं 'एक्सचेकर'. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर', म्हणजे शब्दशः पटाचा कारभारी.

याच कचेरीत पावती म्हणून खाचा पाडलेल्या काठ्या उभ्या चिरून अर्धी-अर्धी वाटून देत. त्या निरुपयोगी झाल्यावर 1834 साली दोन गाड्या भरून काठ्या हाउस ऑफ लॉर्ड्सखालच्या भट्ट्यांत घातल्या आणि 16 ऑक्टोबरला जवळजवळ अख्खी पार्लमेंट जळाली. चेकशी याचा थेट संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

संबंध आहे तो पुढे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एक्सचेकरच्या हुंडीवजा रोख्यांना जोडलेलं एक अर्धुक कचेरीतच राही. त्याला 'चेक' म्हणत, कारण खोटा रोखा आला तर त्याच्याशी जुळवून पकडता येई. आपल्या कचेऱ्यांत याला स्थळप्रत म्हणतात. म्हणजे मूळचा चेक आपल्याजवळ राहणारा, फाडून द्यायचा नव्हेच! मग नाव सरकत सरकत फाडलेल्या अर्धुकावर गेलं. स्पेलिंगमधला क्यू एक्सचेकरच्या नकलेने आला. अमेरिकेने ती नक्कल टाळली आणि सी-एच-ई-सी-केच ठेवलं. ते अडाणी नाहीत, जुन्या वळणाचे आहेत.

आता ते 'सक्क'वाले. चेक हा अरबी 'सक्क'वरून आला, हे हल्ली इतक्या ठिकाणी छापलं जातं की वाचणारा मान डोलावतो. सक्क, म्हणजे देण्याघेण्याचा लेखी कागद, होता हे खरंच. दहाव्या शतकातल्या इब्न हौकल या प्रवाशाने सहाराच्या दक्षिण टोकाला औदागुस्त इथे 42,000 दिनारांचा सक्क पाहिल्याचं लिहिलं आहे. रक्कम डोळे पांढरे करणारी. पण सोय जुनी म्हणून शब्दही तिथलाच, हा कुठला न्याय? हुंडीसुद्धा जुनी आहे, म्हणून चेक हुंडीवरून आला म्हणायचं का? इंग्लंडमध्ये आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या चेकांपैकी एक 1659 सालचा आहे, मॉरिस आणि क्लेटन या सराफी पेढीवर काढलेला, 400 पौंडांचा. शब्द जर सक्काबरोबर आला असता, तर असल्या कागदांना तेव्हाच चेक म्हटलं असतं. त्यांना म्हणत 'ड्रॉन नोट'. चेक हे नाव पन्नास-साठ वर्षांनी आलं, तेही अर्धुकाच्या वाटेने. तारखा मांडल्या की सक्क गळतो. कानाला सारखं लागतं एवढ्यावर व्युत्पत्ती मांडणाऱ्यांनी आधी तारखा मांडाव्यात.

आणि यातला कळस म्हणजे इंग्रजांनी फ्रेंचांकडून एस्चेक घेतला आणि काही शतकांनी फ्रेंचांनी इंग्रजांकडून 'शेक' परत घेतला, बँकेसाठी. त्यांच्याकडचा मूळ 'एशेक' आता अपयश या अर्थानेही नांदतो. अरबांनीही 'शीक' घेतला. इराणात आज धनादेशाला 'चेक' म्हणतात. शहा घरातून बाहेर पडला आणि कागद होऊन घरी परतला, घरच्यांनी ओळखलं नाही. मराठीत मात्र चेक आल्या आल्या हुंडीच्या क्रियापदावर बसला. हुंडी वटायची, चेकही वटू लागला. धनादेश हा सरकारी शब्द चांगला आहे, फॉर्मवर शोभतो, पण "धनादेश वटला का रे?" असं कुणी कुणाला विचारत नाही.

राहता राहिला मेट. मोठमोठे कोश अजून छापतात की चेकमेट म्हणजे 'शाह मात', राजा मेला, कारण अरबीत 'माता' म्हणजे 'मेला'. हे मला मुळीच मान्य नाही. अरबांनी हा खेळ इराण्यांकडून घेतला तो फारसी शब्दांसकट. शाह फारसी, रुख फारसी, प्यादं फारसी, आणि एवढं एक 'मात' तेवढं अरबी? शिवाय अरबीत क्रियापद सहसा आधी येतं. अरबाला राजा मेला म्हणायचं असतं तर त्याने 'माता'पासून सुरुवात केली असती. फारसीत 'मात' हे विशेषण आजही रोजच्या वापरात आहे: थक्क, हतबुद्ध, काय करावं सुचेनासं झालेला. 'मात ओ मबहूत' हा तिथला जोडशब्द आहे. शाह मात म्हणजे राजाची मती गुंग झाली. त्यामागे 'मांदन', म्हणजे राहणे, उरणे हे क्रियापद आहे असं काही अभ्यासक म्हणतात आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. राजा जागच्या जागी राहिला, अडकला. आणि नियम बघा ना! बुद्धिबळात राजा कधी मरतो का? प्यादी मरतात, घोडे मरतात, वजीर मरतो. राजाला फक्त जागा उरत नाही. मराठीने हे नीट जपलंय. गरिबीवर मात केली म्हणताना आपण कुणाचा मुडदा पाडत नाही.

'चेक करून बघ'मध्ये काही चूक नाही. खाऊन बघ, विचारून बघ, तसंच ते. तिथलं 'बघ' डोळ्यांचं नाही, त्याला पुनरुक्ती म्हणणाऱ्यांनी 'वास घेऊन बघ' कधी ऐकलेलं दिसत नाही. खरी पुनरुक्ती हवी असेल तर मुलुंडचा चेकनाका घ्या. नाका म्हणजेच जिथे अडवून तपासतात, जकात घेतात ती जागा, त्याला पुढे चेक कशाला? पण 2017 मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, अडवणारे गेले, तपासणारे गेले, तरी चेक आहेच. रिक्षात बसून नुसतं "मुलुंड नाका" म्हणा, रिक्षावाला मागे वळून विचारणारच, "कुठला नाका?"