अडीच लाखांचं अनुदान, एक गुंठा आणि सांगलीची पूररेषा

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीच्या कडेला वडिलांच्या नावे एक गुंठा आहे, पंतप्रधान आवास योजनेचे अडीच लाख मिळतील म्हणतात. तिथे बांधावं की विश्रामबाग-मिरज पट्ट्यात जुना वन बीएचके घ्यावा? आणि शहर फार पसरू नये म्हणणारं सरकारच कडेच्या घरांना पैसे का देतं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. २०१५ च्या योजनेत चार घटक होते. देशभरात सगळ्यात जास्त घरं मंजूर झाली ती 'स्वतःच्या जागेवर बांधा' या घटकात. म्हणजे पैसा जागेच्या मागे जातो. कमी उत्पन्नवाल्याला परवडणारा गुंठा असतो कुठे? जिथे डांबर संपतं तिथे. घर उभं राहतं, मग महापालिकेनं पाइपलाइन, गटार, दिवाबत्ती, घंटागाडी तिथवर न्यायची. गुंठ्याची रस्त्याकडची बाजू धरा ३३ फूट. तेवढ्या पाइपवर एक कुटुंब, आणि तीन मजली इमारत असेल तर सहा कुटुंबं. हा खर्च अनुदानाच्या हिशोबात कुठेच येत नाही. साताऱ्यातही तेच: शाहूपुरी, विलासपूर २०२० साली पालिकेच्या हद्दीत आले, घरं त्याच्या कितीतरी आधीची.

पण सांगलीत 'शहर आत दाट करा' हे सरसकट म्हणता येत नाही. २००५, २०१९, २०२१ तिन्ही वेळा कृष्णेचं पाणी जुन्या गावभागात, पेठांत शिरलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. तिथे आणखी मजले चढवा म्हणणाऱ्यानं आधी तळमजल्यातला गाळ उपसून बघावा. दाटी व्हायला हवी ती विश्रामबाग, विजयनगर ते मिरज या पट्ट्यात. कलेक्टर कचेरी तिकडे गेलीच आहे, टोकाला मिरज जंक्शन, आणि वस्ती सलग असली की बसला प्रवासी मिळतात. नाहीतर वडापच, म्हणजे खच्चून भरलेली खासगी जीप. सरकारनं पैसा घालायचा तर तिथल्या सरकारी जागांवर, भाड्याच्या छोट्या घरांत घालावा असं माझं मत. सप्टेंबर २०२४ ला सुरू झालेल्या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा घटक आहे. कुपवाड एमआयडीसीतला कामगार किंवा मिरजेच्या दवाखान्यातली नर्स, यांना मालकीच्या गुंठ्याआधी कामाजवळची खोली लागते. दुर्दैवानं भाड्याच्या घराची चावी देताना फोटो काढता येतो, पण मतं घट्ट होतात ती मालकीच्या घरानं.

आता तुमचं. पहिलं काम, गट नंबर घेऊन नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा वारंवार येणाऱ्या पुराची, लाल रेषा क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत असेल तर विषय संपला, तिथे घराला परवानगी नाही. निळ्या-लाल रेषेच्या मधे असेल तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर न्यावं लागतं, त्या भरावात आणि दगडकामात अनुदानाचा मोठा भाग जिरतो. मग गुंठेवारी प्रमाणपत्र, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेला छोटा प्लॉट नियमित झाल्याचा कागद. मूळ कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात आली. शेजाऱ्याचं नियमित झालं म्हणून आपलंही झालं असं समजू नका. अनुदान टप्प्याटप्प्यानं, बांधकामाचे फोटो चढल्यावर येतं, म्हणून पायाचे पैसे आपल्या खिशातले. घराचं चटईक्षेत्र ४५ चौरस मीटरच्या आत हवं. आणि सांगलीतल्या शामरावनगरसारखं काळं रान (ओलीनं फुगणारी काळी माती) असेल तर फाउंडेशनचा अंदाज इंजिनिअरकडून लेखी घ्या, गवंड्याच्या तोंडी बोलीवर जाऊ नका.

फ्लॅटसाठी त्याच योजनेत व्याज अनुदान आहे: वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाख आणि कर्ज २५ लाखांच्या आत. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. जुन्या घराच्या खरेदीलाही चालतं, मात्र कुटुंबात कुणाच्याही नावे देशात कुठेही पक्कं घर नको. दोन्हींचा लाभ एकदम मिळत नाही.

प्लॉट लाल रेषेबाहेर, प्रमाणपत्र हातात आणि नळ गल्लीत आलेला, या तिन्ही गोष्टी असतील तर बांधा. यातली एक जरी कमी असेल तर फ्लॅट बघा, पण बिल्डिंगचं ड्रेनेज महापालिकेच्या लाइनला जोडलंय का, की मागच्या सेप्टिक टँकवरच चाललंय, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला न विचारता खालच्या दुकानदाराला विचारा.