वाचक विचारतात : वडिलांची वही मोबाइलवरून लोकांपुढे नेताना

सोलापूरहून या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मोबाइलवरून मजकूर, छायाचित्रे आणि चित्रफिती प्रसिद्ध करण्याविषयी आहेत. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे, कारण घरात जुने कागद जपून ठेवलेल्या पुष्कळ कुटुंबांची अडचण तीच असते.

प्रश्न : माझे वडील सोलापुरातील एका कापड गिरणीत साचेवाले (माग चालवणारे) होते. ते १९८९ मध्ये वारले. गिरणीचा भोंगा, पाळ्या, संप, शहराच्या पूर्व भागातील, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतील, घराघरांतले हातमाग यांविषयी त्यांनी लिहिलेली १४२ पानांची वही आमच्याकडे आहे. भाषा मराठी असली तरी मधूनमधून तेलुगू शब्द येतात. मी पानांचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवले आणि फोनमधली जागा मोकळी करण्यासाठी मूळ फोटो पुसून टाकले. आता गटावरचे फोटो मोठे केले की अक्षर फुटते. शिवाय नात्यातल्या एकाने त्यातली काही पाने, वडिलांचे नाव न देता, स्वतःच्या फेसबुक खात्यावर टाकली आहेत. वही नीट प्रसिद्ध कशी करावी, आणि अशी ती बाहेर गेल्यावर आमचा हक्क उरतो का?
— एक निवृत्त शिक्षिका, अशोक चौक परिसर

उत्तर : ताई, वही शाबूत आहे, त्यामुळे फोटो गेल्याची फारशी चिंता करू नका, ते पुन्हा काढता येतील. व्हॉट्सॲप हे निरोप लवकर पोहोचवण्याचे साधन आहे आणि म्हणूनच ते नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान करते. लग्नातल्या फोटोला तेवढे पुरते, पण फिकट झालेल्या शाईच्या ओळी त्यात हरवतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर तो जसाच्या तसा जातो. मात्र त्याबरोबर फोटो कोठे काढला याची आत दडलेली नोंदही जाते, म्हणून घरातल्या वस्तूंचे फोटो काढण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून स्थळाची नोंद बंद करावी. मी स्वतः आजोबांच्या पत्रांचे फोटो केवळ गटावर आहेत या भरवशावर निर्धास्त राहिलो होतो. फोन बिघडला, नव्या फोनवर जुना गट उघडला, तेव्हा निम्मे फोटो उघडेनात. तेव्हापासून मूळ फोटोंची एक प्रत गूगल ड्राइव्हवर आणि एक पेन ड्राइव्हवर ठेवल्याशिवाय मी कोणालाही काही पाठवत नाही.

फोटो सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता काढा. वही टेबलावर सपाट उघडून फोन पानाला समांतर धरा. शिवणीकडे दबलेल्या ओळींसाठी पान हलक्या हाताने दाबून धरायला दुसरे माणूस लागतेच. प्रत्येक फोटोला पानाचा क्रमांक नाव म्हणून द्या, आणि तो ००१, ००२ असा तीन अंकी ठेवा, म्हणजे दहावे पान दुसऱ्या पानाच्या आधी येऊन बसणार नाही. कोरी पानेही सोडू नका. पुढे कोणी वही अभ्यासायला घेतली तर मधले पान फाटले आहे की मुळातच कोरे आहे, हे त्याला कळले पाहिजे.

नुसते फोटो टाकले तर वही पाहता येईल, पण तिच्यातला शब्द शोधता येणार नाही. त्यासाठी मजकूर टंकित करावा लागेल. छापील मराठी मजकूर फोटोवरून ओळखणारी साधने आता बरी चालतात. हस्ताक्षराच्या बाबतीत त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. बोलून टंकन करण्याची सोय मोबाइलच्या मराठी कळफलकात असते आणि शिक्षिकेच्या स्वच्छ उच्चारांना ती चांगली दाद देईल, पण मागावरचे शब्द तिच्या ओळखीचे नाहीत. मी ‘धोटा’ असे तीनदा म्हणून पाहिले. दोनदा ‘छोटा’ आले आणि एकदा ‘घोटा’. कांडी, खळ, ताणा, बाणा हे शब्द आणि वडिलांचे तेलुगू शब्द हातानेच टंकित करा. ते त्यांनी लिहिले तसेच ठेवा आणि अर्थ खाली टिपेत द्या. प्रमाण मराठी करण्याच्या नादात ते बदलले, तर वहीतला सोलापूरचा पूर्व भागच पुसला जाईल.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोनना आणि संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतातच, हवा. डीटीपीवाल्याकडे काम दिले आणि त्याने ते जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये करून दिले, तर कागदावर सुरेख दिसणारा तोच मजकूर मोबाइलवर चिकटवताच रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा होतो, कारण त्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. युनिकोडमध्ये देवनागरीला तिच्या स्वतःच्या १२८ जागा आहेत, म्हणून तो मजकूर कोणत्याही फोनवर वाचता येतो आणि शोधताही येतो. काम देतानाच हे स्पष्ट सांगावे. नंतर रूपांतर करता येते, परंतु जोडाक्षरांत चुका राहतात आणि त्या १४२ पानांत शोधत बसावे लागते.

एक बारीक गोष्ट मात्र युनिकोडमध्येही सांभाळावी लागते. ‘दुसऱ्या पाळीला’ हे शब्द त्या वहीत पानोपानी असतील. साध्या ‘र’ला हलन्त देऊन ‘य’ जोडला की ‘दुसर्या’ असे उमटते. खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त आणि मग ‘य’ दिला की ‘दुसऱ्या’ मिळते. आचाऱ्यांना आणि आचार्यांना बोलावणे यांत जेवणावळीइतका फरक आहे, हे आपण वर्गात मुलांना सांगितलेच असेल. कामकऱ्यांची वही ‘कामकर्यांची’ म्हणून प्रसिद्ध झाली, तर शुद्ध लिहून शोधणाऱ्याला ती सापडेलच असे नाही.

आता हक्काविषयी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. आपल्या वहीला मात्र वेगळे कलम लागू होते. जे लिखाण लेखकाच्या हयातीत प्रसिद्धच झाले नाही, त्याची ६० वर्षे ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यानंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. आपण वही २०२६ मध्ये प्रसिद्ध केली, तर हक्क २०८६ च्या अखेरीपर्यंत राहील. नातलगाने आपल्या परवानगीवाचून पाने टाकली, ती कायद्याच्या दृष्टीने ‘पहिली प्रसिद्धी’ ठरत नाही, कारण हक्कदाराच्या परवानगीवाचून केलेले प्रकाशन हे प्रकाशन मानले जात नाही. हक्कभंग म्हणून मात्र ते धरले जाते. कॉपीराइटसाठी नोंदणीही सक्तीची नाही. लेखक म्हणून वडिलांचे नाव लागावे असा आग्रह वारसांना कायद्यानेच धरता येतो.

तरीही कायद्याची भाषा पहिल्या फोनवर काढू नये. बहुधा त्या नातलगाला ही चूक आहे हेच कळलेले नसेल. नाव घाला किंवा पाने काढा, एवढे सांगून पाहावे. नाहीच ऐकले तर फेसबुकवर हक्कभंगाची तक्रार करण्याचा अर्ज असतो आणि तो हक्कदाराने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच भरायचा असतो. वडिलांनी मृत्युपत्रात वही कोणाला दिली नसेल, तर हक्कदार आपण एकट्या नसून सगळी भावंडे आहात. त्यांची लेखी संमती आधी घ्यावी. व्हॉट्सॲप गटावर उमटलेला अंगठा मी तरी संमती मानणार नाही.

प्रसिद्ध करण्यासाठी विनामूल्य ब्लॉग पुरेसा आहे : एका नोंदीत दोन-तीन पानांचा मजकूर आणि शेजारी मूळ पानाचा फोटो. संपूर्ण वहीची पीडीएफ ड्राइव्हवर ठेवून दुवा देत असाल, तर ‘दुवा असलेल्या कोणालाही पाहता येईल’ ही परवानगी चालू करा. नाहीतर प्रत्येक वाचकाची विनंती आपल्या ईमेलवर येऊन पडेल. क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा मुक्त परवाना (ठरावीक अटींवर कोणालाही मजकूर वापरू देणारा) देण्याचा विचार चांगला आहे, पण एकदा दिलेला तो परवाना मागे घेता येत नाही, म्हणून तो भावंडांशी बोलूनच द्यावा. वहीत एखाद्या जॉबरविषयी (गिरणीतल्या मुकादमाविषयी) किंवा शेजाऱ्याविषयी कडवट मजकूर असेल, तर त्यांची मुले-नातवंडे त्याच गल्लीत राहत असतील हे ध्यानात घेऊन तेवढी नावे झाकावीत आणि झाकली आहेत असे तेथेच नमूद करावे. एक छापील प्रत हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या शहरातल्या जुन्या ग्रंथालयाला द्यावी, असे मला वाटते.

प्रश्न : मी घरी शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकते. ग्राहकांचा व्हॉट्सॲप गट केला होता, पण त्यातून नंबर घेऊन दुसऱ्याच कोणीतरी ग्राहकांना संदेश पाठवायला सुरुवात केली. माहिती कशी कळवावी?
— एक गृहउद्योजिका, जुळे सोलापूर

उत्तर : गटात सर्वांना सर्वांचे नंबर दिसतात, म्हणून ग्राहकांसाठी तो सोयीचा नाही. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश प्रत्येकीला स्वतंत्र मिळतो; मात्र ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच तो पोहोचतो आणि एका यादीत २५६ जणच मावतात. चॅनेलवर अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, पण मागणी नोंदवण्यासाठी त्यांना आपल्याला वेगळा संदेश करावा लागतो. स्टेटस २४ तासांत जाते, म्हणून भाव आणि वजने तेथे ठेवू नयेत. ती व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये घालावीत. फोटो स्वतःच्या चटणीचाच असावा. खलबत्त्यातून नुकतीच काढलेली, कडेला तेल सुटलेली चटणी उजेडात ठेवून काढलेला साधा फोटो, इंटरनेटवरून उचललेल्या चकचकीत फोटोपेक्षा अधिक गिऱ्हाईक आणील.

प्रश्न : सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वज मिरवणुकीची चित्रफीत मी एका चित्रपटगीताची जोड देऊन यूट्यूबवर टाकली. लगेच हक्काचा दावा आल्याची सूचना आली. माझे चॅनेल बंद होईल का? पुढच्या जानेवारीत सिद्धेश्वरांनी सोलापुरात स्थापन केलेल्या ६८ लिंगांवर छोट्या चित्रफितींची मालिका करायची आहे.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, बाळे

उत्तर : दावा आणि ‘स्ट्राइक’ या वेगळ्या गोष्टी आहेत. दावा यंत्रणेने गाणे ओळखून आपोआप केलेला असतो; त्यामुळे बहुधा जाहिरातीचे उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे जाते किंवा चित्रफीत काही ठिकाणी दिसत नाही. स्ट्राइक हक्कदाराच्या रीतसर तक्रारीनंतर येते, आणि ९० दिवसांत अशा तीन आल्या तर चॅनेल बंद होऊ शकते. संपादनाच्या सोयीत जाऊन ते गाणे तेवढे काढून टाकता येते, संपूर्ण चित्रफीत पुसण्याची गरज नाही.

गाण्याची गरज होती का, हेही पाहावे. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी नंदीध्वज पेलत येतात आणि गर्दीतून ‘हर्र बोला हर्र’ उठते, त्या आवाजावर चित्रपटगीत चढवणे मला तरी पटत नाही. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून फोनच्या माइकवर फोमचा तुकडा बसवा आणि मूळ आवाजच ठेवा. मालिकेच्या प्रत्येक चित्रफितीच्या वर्णनात लिंगाचे नाव, ते कोणत्या पेठेत किंवा रस्त्यावर आहे आणि चित्रण कोणत्या तारखेचे आहे, हे मराठीत लिहा. पहिल्या पत्रात स्थळाची नोंद बंद करायला सांगितली असली, तरी येथे ठिकाण असे उघड सांगितलेलेच बरे. शंभर पावलांवरच्या गल्लीत दडलेले लिंग न सापडल्याने माघारी फिरणारे सोलापूरकरही पुष्कळ आहेत.